स्मार्ट मोटरवे

अस्तित्वात असलेल्या महामार्गाची पुनर्बांधणी करताना त्यावर संवेदक, कॅमेरे, बदलते वेगफलक आणि मार्गिका-सूचक दिवे बसवून रहदारीच्या मानाने रस्ता चालवण्याची पद्धत. ‘स्मार्ट मोटरवे’ ही संज्ञा इंग्लंडमध्ये रूढ झाली. अभियांत्रिकी लेखनात ‘सक्रिय वाहतूक व्यवस्थापन’ हे अधिक व्यापक नाव आढळते. इंग्लंडमध्ये तिचे तीन प्रकार मानतात : नियंत्रित मोटरवे (वेगमर्यादा बदलती, साइडपट्टी म्हणजे बंद पडलेल्या गाड्यांसाठीची कडेची पट्टी कायम), गर्दीच्या वेळेपुरती साइडपट्टी खुली करणारा मोटरवे आणि साइडपट्टी कायमची मार्गिकेत सामावून घेणारा सर्व-मार्गिका मोटरवे. या तिघांची सरमिसळ झाल्याने या विषयावरील बरीच चर्चा, विशेषतः वृत्तपत्रीय, गोंधळाची झाली आहे.

उगम : बदलत्या वेगमर्यादेचा पहिला प्रयोग कोणता, याविषयी एकमत नाही. अमेरिकी लेखक सामान्यतः डेट्रॉइटच्या लॉज फ्रीवेकडे बोट दाखवतात. तेथे 1960 च्या सुमारास सुमारे 5 किमी. लांबीच्या पट्ट्यावर 14 दूरचित्रवाणी कॅमेरे बसवले गेले. नियंत्रण कक्षातील कर्मचारी पडद्यावर रहदारी पाहून फलकांवरील वेग बदलत. हा वेग केवळ सल्ल्यादाखल होता आणि चालकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही, असे तेव्हाच्या पाहणीतून दिसते. जर्मन परंपरेत म्यूनिक–साल्झबुर्ग मार्गावरील (ए 8) 1965 मधील सुमारे 30 किमी.ची व्यवस्था पहिली मानली जाते; तीही हातानेच चालवली जाई. न्यू जर्सी टर्नपाइकवरील फलक याच दशकातले, बहुधा उत्तरार्धातले. कोंडी, धुके वा बर्फ असेल तेव्हा तेथे वेगमर्यादा ताशी 5 मैलांच्या टप्प्यांनी ताशी 30 मैलांपर्यंत खाली आणली जाई. वादाचे मूळ कालगणनेपेक्षा व्याख्येत आहे. सल्ल्याचा फलक पुरेसा मानला तर मान डेट्रॉइटकडे जातो. पण संवेदकांनी आपोआप ठरवलेली आणि कायद्याने बंधनकारक मर्यादा ही अट घातली, तर वरीलपैकी पहिल्या दोन्ही व्यवस्था बाद होतात. ही दुसरी व्याख्या अधिक उपयोगाची आहे, कारण बंधन आणि तपासणी असल्याशिवाय फलकांचा परिणाम टिकत नाही, असा अनुभव पुढे ठिकठिकाणी आला. काही लेखक शिकागोच्या आयझेनहॉवर एक्सप्रेसवेवरील 1963 चा प्रयोगही याच वंशावळीत धरतात. तेथे चढमार्गावर (महामार्गात शिरण्याच्या जोडरस्त्यावर) चक्क पोलीस उभा करून गाड्या मोजून आत सोडल्या जात. प्रवेश-नियंत्रणाची ती शाखा मात्र वेगळी समजणे बरे.

तात्त्विक आधार : गणितज्ञ लाइटहिल आणि व्हिटहॅम यांनी 1955 मध्ये दाट रहदारीचे वर्णन द्रवप्रवाहासारखे केले, रिचर्ड्स यांनी 1956 मध्ये स्वतंत्रपणे तसाच सिद्धांत मांडला. त्यानुसार पुढच्या गाडीने लावलेला ब्रेक लाटेसारखा मागे सरकत जातो. नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 230 मी. परिघाच्या वर्तुळावर 22 गाड्या सारख्या वेगाने चालवण्यास सांगितले होते. ना वळण, ना अडथळा, तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ताशी सुमारे 20 किमी. वेगाने उलट दिशेला सरकू लागली. कोंडी एकदा झाली की मार्गिकेची वहनक्षमताही काहीशी घटते. म्हणून गर्दी कमाल पातळीला पोहोचण्याआधीच सर्वांचा वेग थोडा उतरवून एकसारखा करायचा, हे या पद्धतीचे सूत्र. वेग उतरवून प्रवास लवकर होतो हे चालकाला पटवणे सोपे नसते, हा भाग निराळा.

यंत्रणा : इंग्लंडमधील मूळ रचनेत साधारण दर 500 मी.वर प्रत्येक मार्गिकेत तारेची दोन वेटोळी असतात. डांबरी थरात करवतीने खाच पाडून तार बसवतात, वर राळ ओततात. गाडीचा लोखंडी सांगाडा वरून गेला की वेटोळ्याच्या विद्युत्‌प्रेरकत्वात फरक पडतो. एका वेटोळ्यावरून दुसऱ्यावर पोहोचण्यास लागलेल्या वेळातून वेग निघतो आणि वेटोळे किती काळ झाकलेले राहिले त्यावरून घनता. वाहतूक प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात विकसित झालेली आज्ञावली हे झाकलेपण सतत तपासते. सलग काही सेकंद ते उंबरठ्यापलीकडे राहिले, तर पुढे रांग लागली आहे असे धरून मागच्या कमानींवर (रस्त्यावर आडव्या उभारलेल्या फलकांच्या चौकटींवर) आपोआप ताशी 40 मैलांची मर्यादा उमटते आणि त्याहून मागे टप्प्याटप्प्याने 50 व 60 ची. रस्त्याचा वरचा थर खरवडला की ही वेटोळी तुटतात. केबलच्या नळ्या आणि कमानींचे पाये यांनाही खोदाई लागते. त्यामुळे हे काम पुनर्बांधणीच्याच वेळी उरकणे सोयीचे पडते. अलीकडे खांबावरील रडार वेटोळ्यांची जागा घेत आहे.

कमानीवरील तांबडी फुली म्हणजे मार्गिका बंद. ही खूण न जुमानणाऱ्यांवर कॅमेऱ्याने कारवाई करण्याची मुभा इंग्लंडमध्ये जून 2019 मध्ये मिळाली; 100 पौंड दंड आणि परवान्यावर तीन गुण अशी शिक्षा आहे.

इंग्लंडमधील वाटचाल : लंडनला वळसा घालणाऱ्या एम 25 च्या नैर्ऋत्य भागात ऑगस्ट 1995 मध्ये बंधनकारक बदलती वेगमर्यादा लागू झाली. दर मार्गिकेतून ताशी 1,650 वाहने जाऊ लागली की मर्यादा 70 वरून 60 मैल आणि 2,050 झाली की 50 मैल, असे उंबरठे होते. जखमींच्या अपघातांत घट झाली हे सर्वमान्य आहे. तिचे प्रमाण सुरुवातीच्या अहवालांत बरेच मोठे दिले गेले; नंतरचा 10 ते 15 टक्क्यांचा अंदाज अधिक विश्वसनीय वाटतो.

बर्मिंगहॅमजवळच्या एम 42 च्या सुमारे 17 किमी. भागावर सप्टेंबर 2006 पासून गर्दीच्या वेळी साइडपट्टी वाहतुकीस खुली होऊ लागली. रुंदीकरण टाळण्याचा हेतू उघड होता : जादा मार्गिका बांधायची तर जमीन घ्यावी लागते आणि वरून जाणारे पूलही पाडून नव्याने उभारावे लागतात. येथे आपत्कालीन थांबे साधारण दर 500 मी.वर ठेवले होते. पट्टी खुली करण्यापूर्वी कर्मचारी कॅमेऱ्यातून तिचा इंच न् इंच पाहत. जखमींचे अपघात महिन्याला सरासरी पाचावरून सुमारे दोनवर आले.

या यशाच्या आधारावर पुढची पायरी घेतली गेली. ती मात्र वेगळ्याच रस्त्याची होती. एम 25 च्या उत्तर भागात 2014 पासून साइडपट्टी कायमची नाहीशी झाली आणि नव्या प्रमाणकानुसार थांब्यांमधील अंतर 2.5 किमी.पर्यंत चालू लागले. एम 42 वरील आकडे अशा रस्त्याला लावणे योग्य नव्हे, ही टीकाकारांची बाजू सबळ दिसते. गर्दी नसताना चालत्या मार्गिकेत बंद पडलेली गाडी नियंत्रण कक्षाच्या लक्षात येण्यास सरासरी 17 मिनिटे लागतात, असे 2016 च्या एका अधिकृत अभ्यासात आढळले होते. पाच वर्षांत स्मार्ट मोटरवेंवर 38 मृत्यू झाल्याची माहिती जानेवारी 2020 मध्ये पुढे आल्यावर लोकक्षोभ वाढला. मार्च 2020 मध्ये सरकारने 18 कलमी कृतियोजना जाहीर केली. तीत थांबलेली वाहने हेरणारे रडार बसवण्याचे काम लवकर उरकणे, थांब्यांमधील अंतर कमी करणे आणि गर्दीच्या वेळेपुरती साइडपट्टी खुली करण्याचा प्रकार चालकांना गोंधळात पाडणारा म्हणून बंद करणे यांचा समावेश होता. ज्या प्रकाराच्या यशावर पुढची पायरी उभी होती, त्यालाच आधी निरोप मिळाला! रडारची कामगिरीही ठरवलेल्या निकषांना उतरत नसल्याचे नियामक संस्थेने 2022 च्या अखेरीस नोंदवले.

जानेवारी 2022 मध्ये नव्या सर्व-मार्गिका मोटरवेंना स्थगिती आणि एप्रिल 2023 मध्ये सर्व नियोजित स्मार्ट मोटरवे रद्द, असा या धोरणाचा शेवट झाला. खर्च आणि लोकांचा उडालेला विश्वास ही कारणे देण्यात आली. गंभीर अपघातांचे एकूण प्रमाण या रस्त्यांवर साध्या मोटरवेच्या तुलनेत वाईट नाही, असे अधिकृत आकडेवारी सांगते. पण थांबलेल्या गाडीला मागून धडक बसण्याचा धोका साइडपट्टी नसलेल्या रस्त्यावर अधिक आहे, हेही तीच सांगते. वेगनियंत्रणाचा फायदा आणि साइडपट्टी काढण्याचा तोटा वेगवेगळे मोजले, तर या दोन विधानांत विरोध उरत नाही.

इतर देश : शिकागो परिसरातील जेन ॲडम्स टोलवे (आय-90) 2016 च्या अखेरीपर्यंत सुमारे 2.5 अब्ज डॉलर खर्चून नव्याने बांधण्यात आला. त्याच्या शहराकडील सुमारे 16 मैलांवर 2017 पासून मार्गिका-सूचक कमानी कार्यरत आहेत. येथे साइडपट्टी काढली नाही. उलट आतली पट्टी रुंद करून ती जलद बसगाड्यांना दिली. सिॲटलजवळ आय-5 वर 2010 मध्ये कमानी बसवण्यात आल्या. जर्मनीत व नेदरलँड्समध्ये गर्दीच्या वेळी साइडपट्टी वापरण्याची प्रथा 1990 च्या दशकाच्या मध्यापासून दिसते.

भारत : भारतात भर प्रवाहनियंत्रणापेक्षा नियमभंग टिपण्यावर आहे. सुमारे 95 किमी.च्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर 2024 मध्ये सुरू झालेली यंत्रणा वेगमर्यादा, सीटबेल्ट, मार्गिकेची शिस्त यांसह 17 प्रकारचे नियमभंग कमानींवरील कॅमेऱ्यांनी नोंदवते आणि ई-चलन काढते. डावी मार्गिका सोडून मधून रेंगाळणारे अवजड ट्रक ही बोरघाटातील जुनी डोकेदुखी तीत थेट येते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या 2023 च्या धोरणात साधारण दर 10 किमी.वर घटना हेरणारे कॅमेरे आणि दर 100 किमी.मागे एक नियंत्रण कक्ष अशी तरतूद आहे.