बोरूचं पेन, टाकाचं पेन : स्टब आणि फ्लेक्स निब एकच नव्हेत

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी एक काळं फाउंटन पेन मिळालं. टोपणाची क्लिप पिवळी पडलेली, आत शाई वाळून दगड झालेली. विकणारा म्हणाला, "साहेब, फ्लेक्स निब आहे. जाड-बारीक दोन्ही येतं." घरी आणून रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं, सकाळी शाई भरली, आणि खरंच, उभी रेघ जाड, आडवी बारीक. मी खूश. फ्लेक्स म्हणजे लवचिक, मग दाबून बघायला नको का? दाबलं. बारीकसा 'कट्' आवाज झाला आणि निबचं एक पातं दुसऱ्यावर चढून बसलं. शाळेत ज्याला आपण 'निब फाकली' म्हणायचो, तेच, जरा महागात.

निब फ्लेक्स नव्हतीच. ती स्टब होती, म्हणजे चपट्या टोकाची. जाड-बारीक येत होतं, पण त्याचा दाबाशी काही संबंध नव्हता.

पेनं जमवायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा हा घोटाळा एकदा तरी होतो, कारण लिहिलेला कागद बघितला तर दोन्ही निबांचं काम वरवर सारखंच दिसतं. गंमत म्हणजे मराठी माणसाला हा फरक समजावणं सोपं आहे. या दोन गोष्टींसाठी आपल्याकडे केव्हापासूनच दोन वेगळे शब्द आहेत, बोरू आणि टाक. आज आपण दोन्ही एकाच 'जुन्या काळची लेखणी' या गाठोड्यात बांधून टाकतो, पण ज्यांनी ते हातात धरले त्यांनी असं कधी केलं नसतं.

बोरू म्हणजे गवताच्या जातीच्या काडीची लेखणी. टोक चाकूनं तासायचं आणि शेवटी आडवा नाहीतर तिरका काप द्यायचा. म्हणजे टोकाला बिंदू नसतो, एक छोटी धार असते. लेखणी धारेच्या रेषेतच ओढली तर रेघ केसासारखी, धारेला काटकोनात ओढली तर धारेच्या रुंदीइतकी जाड. हात कितीही हलका ठेवा, जाडी तीच राहते. वॉलपेंटरचा चपटा ब्रश आठवा, अगदी तसंच.

टाक म्हणजे लाकडी दांडी आणि तिच्यात खोचलेली पोलादी टोकदार निब. दौतीत बुडवायची, चार शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायची. टोक सुईसारखं, मधोमध चीर. हलक्या हातानं ओढलं तर बारीक रेघ. दाब दिला की चीर उघडते, दोन पाती फाकतात आणि त्यांच्यामधल्या फटीत शाई भरून रेघ रुंद होते. दाब काढला की पाती परत जवळ येतात. दिशेचा संबंध एवढाच की हे फक्त पेन स्वतःकडे ओढताना जमतं. वर ढकलताना दाबलं तर टोक कागदात रुततं आणि शाईचे शिंतोडे उडतात.

फाउंटन पेनची स्टब निब म्हणजे बोरूची लेक. फ्लेक्स म्हणजे टाकाची. एकीत जाडी दिशेनं ठरते, दुसरीत दाबानं. एवढं डोक्यात बसलं तर बाजारात पुढे फसायला होत नाही.

आता खरेदीकडे. जुनं पेन हातात आलं की आधी भिंगातून टोक बघा. साध्या निबला टोकाशी कठीण धातूचा छोटासा मणी असतो. पेनवाले त्याला सरसकट इरिडियम म्हणतात, आज त्यात इरिडियम असतंच असं नाही. स्टबमध्ये हा मणी सपाट घासलेला असतो, किंवा मणीच नसतो आणि टोक स्क्रूड्रायव्हरसारखं चपटं दिसतं. फ्लेक्स निबचं टोक उलट बारीक, खांदे अरुंद आणि चीर लांब. मग निब अंगठ्याच्या नखावर टेकवून अगदी थोडी दाबायची. पाती अलगद उघडली आणि सोडल्याबरोबर मिटली तर फ्लेक्स. काहीच हललं नाही तर तिथेच थांबायचं. मी थांबलो नाही, म्हणून हे लिहितोय.

निबवर १४ कॅरेट किंवा ५८५ कोरलेलं दिसलं की ती फ्लेक्सच, असा एक समज पसरलेला आहे. तो सोडून द्या. ५८५ म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, एवढंच. सोन्याच्या कितीतरी निबा खिळ्यासारख्या कडक असतात. पूर्वी कार्बन कागद घालून प्रती काढायच्या तर तशी कडक निबच लागे, आणि त्यासाठी मॅनिफोल्ड नावाच्या मुद्दाम कडक निबा मिळत. दोन प्रती खाली उमटवायच्या असतील तर टाकासारखी नाजूक निब काय कामाची? कारकुनीचं जग कार्बनवर गेलं आणि लवचिक निबा मागे पडत गेल्या, त्यातलं हे एक कारण.

मधली एक जात आणखी गोंधळ घालते, ती म्हणजे 'सॉफ्ट'. पायलटचं फाल्कन हे तिचं ठळक उदाहरण. निब कागदावर गादीसारखी दबते, हाताला सुखद वाटतं, रेघेत किंचित फरकही पडतो. पण तिच्याकडून जुन्या फ्लेक्सएवढी रुंदी काढायला गेलात तर तीही कायमची फाकेल. सॉफ्ट म्हणजे आराम, फ्लेक्स म्हणजे काम.

स्वस्तात फ्लेक्सचा अनुभव घ्यायचा असेल तर अमेरिकेच्या नूडलर्सचं अहाब बघा. ते बनतं मात्र भारतात. स्टीलची निब, लांबलचक चीर, आणि पेनला असा एक वास की डबा उघडला की घरातले विचारतात. हात मजबूत लागतो, आणि सुरुवातीला निब आणि फीड, म्हणजे निबखालची शाई पुरवणारी खाचांची पट्टी, यांच्याशी थोडी झटापट करावी लागते. त्यापेक्षाही स्वस्त म्हणजे सरळ टाकच घ्या. जपानचे मांगा चित्रकार वापरतात ती जी-निब दांडीत खोचली की फ्लेक्स म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळतं.

स्टबचं काम सोपं. ट्विस्बीची १.१ मिलिमीटर स्टब तयार मिळते. लॅमी सफारी वापरत असाल तर नवं पेनही नको. १.१, १.५ आणि १.९ च्या सुट्या निबा मिळतात आणि बदलायला चिकटपट्टी पुरते. निबवर पट्टी लावायची, सरळ ओढायची, जुनी बाहेर, नवी आत. स्टब आणि इटॅलिक यांतला फरकही इथेच सांगून टाकतो. इटॅलिकचे कोपरे धारदार, स्टबचे गोल केलेले. धारदार कोपऱ्यांनी रेघ कोरल्यासारखी येते, पण घाईत लिहिलं तर कागद ओरबाडतो. रोजच्या लिखाणाला स्टबच.

शाईचा मुद्दा दोघींना वेगवेगळा लागतो. फ्लेक्स निब उघडली की तिची शाईची भूक एकदम वाढते, आणि फीड तेवढी शाई पुरवू शकली नाही तर मधली रेघ तुटते आणि बाजूला दोन समांतर रेघा उरतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. पेनवाले याला रेलरोडिंगच म्हणतात. स्टबला हा त्रास क्वचित, पण निब जरा वाकडी टेकली की एक कोपरा उचलला जातो आणि रेघेची एक कड फाटकी येते. दोघींनाही मोकळी वाहणारी शाई मानवते. माझ्या दोन्ही पेनांत साधी कॅमलची रॉयल ब्लू असते. ज्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत हॉर्स ब्रँडच्या शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून सुरुवात केली, त्यांनीच उभ्या केलेल्या कंपनीची ही शाई. पुड्या-वड्यांचे ते दिवस टाक-दौतीचेच होते. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई मात्र टाकात चालते, फाउंटन पेनात कधीही नाही. फीडमध्ये वाळली की पेन गेलंच समजा.

कागदाची एक सूचना. पावसाळ्यात वहीचा कागद दमट होतो, शाई पसरते आणि बारीक रेघेला मिशा फुटतात. मग स्टब काय, फ्लेक्स काय, सगळं जाडच दिसतं. जून-जुलैमध्ये नवी निब आवडली नाही म्हणून परत करू नका, आधी कागद बदला.

इथवर सगळं कुठल्याही लिपीला लागू आहे. पण आपल्याला लिहायचं आहे मराठी, आणि तिथे या दोघींतली निवड माझ्या मते अगदी स्पष्ट आहे.

फ्लेक्स निब ज्या वळणासाठी घडली ते इंग्रजी कॉपरप्लेट, उजवीकडे झुकलेलं. खाली येणारी प्रत्येक रेघ जाड, वर जाणारी बारीक. देवनागरीत वर जाणाऱ्या लांब रेघा जवळजवळ नाहीतच. शिरोरेखा डावीकडून उजवीकडे जाते, आणि आडव्या रेघेत दाब दिला तरी पाती नीट उघडत नाहीत. मग फ्लेक्सनं मराठी लिहिलं तर होतं काय? काना तेवढा जाड येतो, बाकी अक्षर कोळ्याच्या जाळ्यासारखं. 'राम' लिहिलं तर रा चा काना आणि म चा दांडा असे दोन खांब उभे, आणि त्यांना धरून लोंबकळणारी अक्षरं. सहीला छान दिसतं. पानभर वाचवत नाही.

देवनागरीचं वळण बोरूनं घडवलं. म्हणून स्टब. पण इथेही एक मेख आहे, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या पोथीतला 'ब' भिंगाखाली बघा. पोटातली तिरकी रेघ, डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारी, बारीक असते. आता उजव्या हातात स्टब नेहमीसारखी धरून तोच 'ब' काढा. ती रेघ सगळ्यांत जाड येईल. इंग्रजी कॅलिग्राफीत जी तिरकी दिशा जाड, ती देवनागरीत बारीक. बोरूचा काप देवनागरीसाठी उलट्या अंगाला तिरका देतात तो यासाठीच. कारखान्यातून येणारी सरळ कापाची स्टब आपल्या लिपीला ओळखत नाही.

तोडगा म्हणून मी पेन कागदावर सरळ उभं धरतो, निबचं तोंड पानाच्या वरच्या कडेकडे. मग काना जाड, शिरोरेखा बारीक, आणि दोन्ही तिरक्या रेघा सारख्याच. पोथीसारखं नाही होत, पण 'ब' निदान बेढब दिसत नाही. आणि १.१ ची निब असेल तर अक्षर मोठं काढा. साध्या आखीव वहीत आठ मिलिमीटरच्या ओळीत वेलांट्या आणि उकार बसवून वर 'क्ष' लिहायला गेलात तर त्याचं पोट शाईनं बुजणारच. एक ओळ सोडून लिहा, किंवा साध्या मीडियमपेक्षा किंचितच रुंद अशी स्टब कुणाकडून घासून घ्या.

बोरूबहाद्दर म्हणून कारकुनांची टिंगल झाली, पण त्यांच्या हाताला हा कोनाचा हिशेब न शिकता येत असणार. आम्हाला तो भिंग लावून शिकावा लागतो.

गेल्या दिवाळीत भाची घरी आली होती. डावखुरी आहे, पेन ओळीच्या खालून धरते, निब उजवीकडे वर रोखलेली. माझी स्टब तिनं उचलली आणि नाव लिहिलं. आधी तिला बजावलं, दाबू नकोस. मग कागद बघितला. नावातला 'ब' पोथीतल्यासारखा होता, पोटातली तिरकी रेघ केसासारखी बारीक. डाव्या हातामुळे निबची धार आपोआप उलट्या अंगाला तिरकी झाली होती. पेन अजून तिच्याकडेच आहे.