टेस्ट लाल झाल्या? आधी आयडी तपासा

ॲपचं नवं बिल्ड (तयार आवृत्ती) येतं, रात्री आम्ही लिहिलेल्या स्वयंचलित टेस्ट चालतात, सकाळी निम्म्या लाल, म्हणजे नापास, दिसतात आणि आम्हाला फोन येतो: "ॲप तर व्यवस्थित चालतंय, तुमच्याच टेस्ट फुटल्यात." बहुतेक वेळा ॲप खरंच व्यवस्थित असतं आणि टेस्टमध्येही खोट नसते. स्क्रीनवरच्या एखाद्या बटणाचा आयडी (कोडमध्ये दिलेलं, ग्राहकाला न दिसणारं नाव) मात्र कुणीतरी बदललेला किंवा गाळलेला असतो. आमच्याकडच्या दुरुस्तीचा सर्वाधिक वेळ यातच जातो, म्हणून हे पत्रक.

टेस्टला बटण शोधावं लागतं. ते मजकुरावरून शोधता येतं, जागेवरून शोधता येतं, किंवा डेव्हलपरने दिलेल्या आयडीवरून. मजकुराची वाट सगळ्यांना आवडते, कारण डेव्हलपरला काहीच करावं लागत नाही. 'ओटीपी पाठवा' असं लिहिलेलं बटण दाबायचं, झाली टेस्ट. मग एक दिवस मार्केटिंगवाले त्याचं 'पुढे चला' करतात, आणि ज्या ज्या टेस्टची सुरुवात लॉगिनने होते त्या सगळ्या एका फटक्यात आडव्या. जागेवरून शोधायचं म्हटलं तर वर ऑफरची एक पट्टी आली तरी पुरे.

मराठी ॲपमध्ये यात आणखी एक मेख आहे. 'दुसऱ्या पत्त्यावर पाठवा' हे बटण घ्या. यातला 'ऱ्या' तीन प्रकारे टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड 'ऱ' हे एकसंध अक्षर देतो, कुणाचा साधा 'र' आणि खाली नुक्ता, तर कुणाचा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, टेस्टला ते तीन वेगळे शब्द वाटतात. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करण्याच्या रीतीने) एक होतात, तिसरा होत नाही. भाषांतर करणारी व्यक्ती बदलली की बटण समोर दिसत असतं आणि टेस्ट 'सापडलं नाही' म्हणत असते. त्यामुळे मजकूर बरोबर आहे का हे पाहणारी टेस्ट आम्ही वेगळी लिहितो. बटण शोधायला मजकूर वापरत नाही.

आता आयडी हरवतो कसा ते पाहा. मुद्दाम कुणी काढत नाही. तुमची टीम डिझाइन बदलायला घेते आणि सगळ्या ॲपसाठी एकच नवं बटण तयार करते, जे चांगलंच आहे. रिॲक्ट नेटिव्हमध्ये (ॲप बनवण्याचं एक साधन) हे नवं बटण फक्त शीर्षक आणि दाबल्यावर काय करायचं एवढंच घेतं. प्रत्येक स्क्रीनवर टेस्टआयडी लिहिलेला असतो, पण तो आतल्या खऱ्या बटणापर्यंत पोचतच नाही. कोड वाचणाऱ्याला आयडी दिसतो, म्हणून रिव्ह्यूत कुणाला शंका येत नाही. मिळालेला टेस्टआयडी आत पुढे द्यायचा, एवढीच एक ओळ राहिलेली असते. रिपोर्टमध्ये असंबंधित वाटणाऱ्या बऱ्याच टेस्ट एकदम लाल दिसल्या, तर सामाईक कंपोनेंटपासून, म्हणजे सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या अशा भागापासून, शोध सुरू करा.

दुसरा घोळ म्हणजे आयडी भलत्याच जागी टाकणं. आयओएसवर ॲक्सेसिबिलिटी आयडेंटिफायर टेस्टसाठी असतो, ॲक्सेसिबिलिटी लेबल मात्र व्हॉइसओव्हर, म्हणजे दृष्टिहीनांसाठीची स्क्रीन-वाचक सोय, वाचून दाखवते. अँड्रॉइडवर कंटेंट डिस्क्रिप्शन टॉकबॅक ही तशीच सोय वाचते. तिथे 'लॉगिन अंडरस्कोर बटण एक' असं काही लिहिलंत, तर टेस्ट हिरवी होईल आणि दृष्टिहीन ग्राहकाला तेच ऐकावं लागेल. अँड्रॉइडच्या स्क्रीन बनवणाऱ्या जेटपॅक कंपोजमधला टेस्टटॅग (टेस्टसाठीची खूण) ॲपियमसारख्या बाहेरून ॲप चालवून तपासणाऱ्या साधनाला आपोआप दिसत नाही. टेस्टटॅग्ज ॲज रिसोर्स आयडी ही सेटिंग सुरू करावी लागते. फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनातली 'की' (key, म्हणजे घटकाची ओळख) त्याच्या स्वतःच्या विजेट टेस्टला चालते, ॲपियमच्या नेहमीच्या अँड्रॉइड आणि आयओएस ड्रायव्हरना नाही. त्यासाठी ३.१९ पासून आलेला सिमँटिक्स आयडेंटिफायर वापरा.

"पहिल्या आठवड्यात टेस्ट का दिसत नाहीत?" हे आम्हाला नेहमी ऐकावं लागतं. कारण त्या आठवड्यात आम्ही तुमच्या डेव्हलपरसोबत बसून आयडींची यादी करतो. नावात आधी स्क्रीन, मग काम, मग प्रकार. रंग, जागा किंवा मजकूर नावात नाही. कुणी पहिल्याच दिवशी रेकॉर्डरने (हाताने केलेल्या क्रिया टिपून टेस्ट बनवणारं साधन) पन्नास टेस्ट करून देत असेल, तर त्या बटणं कशावरून शोधतात एवढं विचारून घ्या. लांबलचक एक्सपाथ (स्क्रीनच्या रचनेतून बटणापर्यंतचा पत्ता) दिसला, तर पुढचा खर्च दुरुस्तीचा आहे असं समजा.

आयडी जागेवर असूनही टेस्ट कधी लाल, कधी हिरवी होत असेल, तर बहुधा घोळ वाट पाहण्यात असतो. 'पाच सेकंद थांब' असं लिहिलेल्या टेस्ट आम्ही घेत नाही. ठरावीक गोष्ट दिसेपर्यंत थांबायचं आणि मुदत संपली की नापास, हीच आमची पद्धत. फ्लटरवाल्यांसाठी एक सूचना: स्क्रीनवर गोल फिरणारा लोडर राहिला, तर पंप अँड सेटल (स्क्रीन स्थिर होईपर्यंत थांबण्याची आज्ञा) आपणहून संपत नाही, कारण ॲनिमेशन थांबत नाही. त्याची मूळ मुदत १० मिनिटं आहे. तेवढा वेळ सर्व्हरचं बिल चालू.

वार्षिक करारात सामाईक कंपोनेंट बदलल्यावरची तपासणी धरलेली असते. अट एकच: बदल कोडच्या मुख्य शाखेत जाण्याआधी आम्हाला कळवा. कळवल्याशिवाय बदललेल्या आयडीमुळे पडलेल्या टेस्टची दुरुस्ती तासाच्या दराने लागते. यावर कुरकुर होते, ठाऊक आहे; पण तो वेळ आमच्या माणसांचा जातो. करार नसेल तरी कोणतीही एक स्क्रीन आम्ही विनामूल्य पाहून देतो. डीबग बिल्ड (तपासणीसाठीची आवृत्ती) आणि त्या स्क्रीनचं नाव पाठवा. लाल टेस्टबद्दल लिहिताना बिल्ड नंबर, शेवटी हिरवं असलेलं बिल्ड आणि टेस्टचा पूर्ण लॉग जोडा. लाल खुणेचा फक्त फोटो पाठवू नका, त्यावरून आम्हाला काहीच कळत नाही.