'फोल्डर निवडा' म्हणणारी विंडो कोणाची?

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे लिलाव आटोपले की अडत्यांच्या गाळ्यांत दिवसभराच्या हिशेबाचा बॅकअप घेतला जातो. मुनीम 'ब्राउझ' दाबतो, एक विंडो उघडते, त्यात तो पेन ड्राइव्हवरचा फोल्डर दाखवतो. ही विंडो बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टिमची असते. वापरणाऱ्याला फोल्डर निवडू दे आणि निवडलेल्या फोल्डरचा पत्ता मला दे, एवढंच हिशेबाचा प्रोग्रॅम तिला सांगतो.

पत्ता हातानं टाइप करायला का लावत नाहीत? विंडोज प्रत्येक ड्राइव्हला एक अक्षर देतं, पण काल 'ई' असलेला पेन ड्राइव्ह आज 'एफ' होऊन बसतो, आणि एक अक्षर चुकलं तरी फोल्डर सापडत नाही. विंडोमध्ये मात्र त्या क्षणी जे खरोखर जोडलेलं आहे, तेच दिसतं.

विंडोजची जुनी विंडो छळायची. अरुंद चौकट, आत झाडासारखी फांद्या फुटणारी यादी, आणि हवा तो फोल्डर सहा पायऱ्या खाली. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून फाइल उघडण्याच्या मोठ्या विंडोतच फोल्डर निवडायची सोय झाली. तरी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम बनवायच्या साधनसंचातला तयार घटक कित्येक वर्षं जुनीच विंडो दाखवत राहिला. तो सुधारला २०१९ च्या डॉट नेट कोअर ३.० मध्ये. आजही एखादा नवा प्रोग्रॅम ती जुनी यादी पुढे करतो, तेव्हा वापरणाऱ्याचा विचार झालेला नाही असंच मला वाटतं.

खरी गंमत मॅकवर आहे. तिथले सँडबॉक्समधले, म्हणजे बंदिस्त कुंपणात चालणारे प्रोग्रॅम तुमच्या फायलींपासून तोडलेले असतात. निवडीची विंडो प्रोग्रॅमबाहेर, सिस्टिमच्या वेगळ्या प्रक्रियेत चालते, त्यामुळे प्रोग्रॅमला तिच्यातली यादीसुद्धा वाचता येत नाही. तुम्ही 'हिशेब' फोल्डरवर क्लिक केलंत की तेवढ्याच फोल्डरचा दरवाजा त्याला उघडतो. तुमचं बोट म्हणजेच परवानगी! वेगळा 'अनुमती द्या' प्रश्न विचारावाच लागत नाही. लिनक्सवर फ्लॅटपॅक या बंदिस्त प्रोग्रॅम पुरवणाऱ्या पद्धतीची 'पोर्टल' यंत्रणा याच धर्तीवर चालते.

विंडोजच्या साध्या डेस्कटॉप प्रोग्रॅमला हे बंधन नसतं. तुमच्या खात्यातून चालणारं बिलिंग सॉफ्टवेअर, तुम्ही त्याला फक्त बॅकअपचा फोल्डर दाखवला असला, तरी शेजारचे घरचे फोटो आणि बँकेची कागदपत्रंही उघडू शकतं. कुणी आणून दिलेलं सॉफ्टवेअर गाळ्यावरच्या कॉम्प्युटरवर टाकण्याआधी याचा विचार व्हायला हवा.