फाल्मथची हिवाळी छावणी आणि सैनिकांचे आरोग्य

डिसेंबर 1862 मध्ये फ्रेडरिक्सबर्गची लढाई हरल्यानंतर अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांचे पोटोमॅक सैन्य व्हर्जिनियात, रॅपाहॅनॉक नदीकाठच्या फाल्मथ परिसरात तळ देऊन राहिले. जानेवारीत काढलेली मोहीम चिखलात रुतल्यावर वसंत ऋतूपर्यंत लढाईचा प्रश्नच उरला नाही आणि लाखाहून अधिक माणसे महिनोन् महिने एकाच ठिकाणी दाटीने राहिली. या यादवी युद्धात लढाईपेक्षा रोगराईने सुमारे दुप्पट सैनिक दगावले, हे लक्षात घेतले तर छावणीतील रोजचे साधे जगणे किती घातक होते याची कल्पना येते.

चार-पाच जण मिळून ओंडक्यांची झोपडी बांधत, फटी चिखलाने लिंपत आणि तंबूची कापडे जोडून छप्पर घालत. काटक्या व मातीच्या धुराड्यावर बूड काढलेले पिंप बसवलेले असे आणि ते अधूनमधून पेटही घेई. ऊब राहावी म्हणून पुष्कळ जण आतली जमीन खोल खणत. मात्र त्यामुळे ओल साचे, हवा कोंडे आणि एकाचा खोकला सर्वांना लागे. विरळ वस्तीच्या खेड्यांतून आलेल्या अनेक तरुणांना लहानपणी गोवर झालेला नसल्यामुळे त्यांच्यात ती साथ झपाट्याने पसरे. बिगूल, हजेरी, कवायत, पहारा आणि दिवसेंदिवस दूर जाणाऱ्या रानातून सरपण आणणे यांत दिवस जाई. शौचासाठी खणलेल्या चरांपर्यंत थंडीत जाण्याचा कंटाळा केला की घाण ओढ्यात उतरे, आणि त्याच पाण्यातून हगवण व विषमज्वर फैलावत.

शिध्यात मुख्यतः खारवलेले डुकराचे मांस, कॉफी आणि पीठ-पाण्याचे ‘हार्डटॅक’ बिस्कीट असे. ते इतके कडक असे की सैनिक ते बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत भिजवत, आणि मग त्यातले किडे वर तरंगत. अशा आहारात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. त्याच्याशिवाय शरीराला कोलॅजेन हे ऊती बांधून ठेवणारे प्रथिन नीट तयार करता येत नाही, म्हणून हिरड्या सुजून रक्त येते आणि जुन्या जखमाही उघडतात. हाच स्कर्व्ही रोग होय. वाळवून दाबलेल्या भाज्यांच्या वड्या मिळत, पण वाळवण्यात व शिजवण्यात हे जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होई.

सैन्याचे वैद्यकीय संचालक जोनाथन लेटरमन यांनी येथे केलेले काम मला शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे वाटते. झोपड्यांची छपरे ठरावीक दिवशी काढून आत ऊन-वारा येऊ द्यावा, शौचाच्या चरांत रोज माती टाकावी, स्वयंपाकाचा कचरा पुरावा, असा त्यांचा आग्रह होता. जानेवारी 1863 मध्ये सेनापती झालेल्या जोसेफ हूकर यांनी आठवड्यातून चार वेळा ताजा पाव किंवा पीठ आणि शक्य तेव्हा दोन वेळा ताजे बटाटे किंवा कांदे देण्याचा हुकूम काढला. विषमज्वराचा जीवाणू ओळखला गेला तो 1880 मध्ये. तोपर्यंत बहुतेक डॉक्टर दूषित हवेलाच दोष देत होते. तरीही घाण आणि पाणी वेगळे राहिले, ताटात कांदा-बटाटा आला, आणि वसंतापर्यंत सैन्यातील आजारपण स्पष्टपणे घटले. औषधांबद्दल मात्र असे म्हणता येत नाही: हगवणीवर सर्रास दिले जाणारे कॅलोमेल हे पाऱ्याचे संयुग होते, आणि सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी ते मे 1863 मध्ये पुरवठ्याच्या यादीतून वगळले तेव्हा अनेक डॉक्टरांनीच त्याला कडाडून विरोध केला.