बग्गी सहा इंच उचलली तरी डिफरन्शियल तिथंच राहतं

रील्समध्ये अमेरिकेतल्या त्या उंच केलेल्या गोल्फ कार्ट बघितल्या असतील, हे एवढाले टायर, चिखल उडवत सुटलेल्या. ते बघून आपल्याकडेही कुणाकुणाला वाटतं की रिसॉर्टची किंवा फार्महाऊसची बग्गी अशीच लिफ्ट किट टाकून सहा इंच उचलली की जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर पाहुण्यांची कंबर वाचेल. वाचत नाही. बऱ्याचदा उलटंच होतं.

आधी ते उंचीचं बघू. बहुतेक बग्ग्यांना मागे सरळ अखंड एक्सल असतो आणि जमिनीच्या सगळ्यात जवळ असतं त्याच्या मधोमध लटकणारं डिफरन्शियल, म्हणजे मोटरचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा. लिफ्ट किट एक्सलच्या वरची बॉडी उचलतं, एक्सल नाही, त्यामुळे दगड डिफरन्शियलला लागायचा तो लागतोच. ते वर जातं फक्त टायर मोठा केला तर, आणि तेही वाढीच्या निम्मंच, म्हणजे 18 इंची टायर काढून 22 इंची लावला की मिळाले 2 इंच. लिफ्टचं खरं काम काय, तर त्या मोठ्या टायरला फेंडरखाली (मडगार्डखाली) जागा करून देणं. आणि टायर 22 टक्के मोठा झाला म्हणजे चढावर चाक फिरवायला मोटरला तेवढाच जास्त जोर लावावा लागतो, करंट वाढतो, मोटरला करंट देणारा कंट्रोलर तापतो.

आता माझा आवडता भाग. गाडी मऊ आहे की कडक हे ठरवायला एक मस्त सोपं माप आहे, स्प्रिंग नुसत्या गाडीच्या वजनाने किती दबते ते. g ला (गुरुत्वाकर्षणाचा आकडा, 9.8) त्या मीटरमधल्या दबण्याने भागा, वर्गमूळ काढा, 2π ने भागा, झाली गाडीची सेकंदाला किती हेलकावे खायची स्वतःची सवय. वजन, स्प्रिंगचा कडकपणा काहीच वेगळं मोजायला नको, कारण ते सगळं त्या दबण्यात आलंच. स्प्रिंग 25 सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला 1 हेलकावा, 5 सेंटिमीटर दबली तर 2.2, अडीच दबली तर 3 च्या वर. साधारण कार 1 ते 1.5 मध्ये असते. आणि बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो 4 ते 8 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या) उभ्या हादऱ्यांचा, पोट, पाठ तिथेच हलते. आता कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा पडतात ना, त्या समजा 70 सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि बग्गी ताशी 15 किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला साधारण 6 लाटा, बरोब्बर त्या पट्ट्यात! स्प्रिंगचा आकडा या 6 च्या जितका खाली तितका कमी हादरा वर पोचतो, जवळ गेला की सगळा वर येतो.

म्हणूनच एक गोष्ट लोकांना कळत नाही की लिथियम बॅटरी टाकल्यावर गाडी आपटायला का लागली. जुन्या लेड ॲसिडच्या 6 बॅटऱ्या मिळून दीड-पावणेदोनशे किलो भरतात, लिथियममध्ये शंभरेक किलो सहज कमी होतात, पण मागचे पाटे (पोलादी पट्ट्या, म्हणजे पानं, एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंग) तेच, जुन्या वजनासाठी बनवलेले. मागच्या पाट्यांवर समजा 300 किलो होते ते 200 झाले तर 5 सेंटिमीटरचं दबणं 3.3 वर येतं आणि 2.2 चे 2.7 हर्ट्झ होतात. अशा वेळी नवे शॉकअप टाकून फार फरक पडत नाही, कारण शॉकअप फक्त हेलकावा थांबवतो, वजन पेलतो पाटा. पाटा एखाद पानाने हलका करायला हवा (रोज सहा माणसं बसत असतील तर अर्थातच नको). आणि पानांमध्ये गंज धरला असेल तर छोट्या खड्ड्यांना पाटा हलतच नाही, म्हणजे स्प्रिंग असून नसल्यासारखी.

मग छोटे खड्डे कोण खातं? टायर. 1888 मध्ये डनलॉपने बेलफास्टमध्ये पोराच्या तीनचाकीला हवेचे टायर लावले ते हादरे कमी करायलाच. साधा 18 बाय 8.50, 8 इंची रिमचा टायर घ्या, रिमपासून जमिनीपर्यंत 5 इंच रबर आणि हवा. शोसाठी 14 इंची अलॉयवर 205/30 चा टायर लावला तर उंची जवळपास तेवढीच पण साइडवॉल (रिमपासून जमिनीपर्यंतची टायरची बाजू) फक्त अडीच इंचाची. अर्धी गादी विकून चकाकी घेतली!

हवेचं गणितही सरळ आहे, एका चाकावर 190 किलो आणि 20 पीएसआय हवा असेल तर जमिनीला टेकलेला भाग साधारण 135 चौरस सेंटिमीटर, 12 ला तो 225 च्या आसपास (साइडवॉल थोडा भार घेते, ते सोडून देऊ). मऊ मातीत चाक कमी रुततं, खडी दाबून जातं. पण चार माणसं बसवून डांबरी रस्त्यावर 12 ठेवलेत तर टायर तापेल, बॅटरी लवकर उतरेल आणि खड्ड्यात रिमच आपटेल. मोठ्या गुट्ट्यांचे मड टायर खरोखर चिखल असेल तरच, दगडावर ते नुसते घरघरतात.

आणि हो, नायट्रोजन भरला की गाडी मऊ चालते असं सांगणारे भेटतात. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो हो, उरलेल्यासाठी पैसे कशाला देताय, त्यापेक्षा बंपरला लिंबू-मिरची लावा, स्वस्त पडेल आणि परिणाम तेवढाच.

लिफ्ट करायचीच असेल तर रुंदीही वाढवा. चाकांमधलं अंतर 90 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 वर असेल तर गाडी साधारण 33 अंश कलल्यावर उलटते, तोच 85 वर नेला की 28 अंशांतच, वळणावर त्याहूनही आधी. शिवाय बहुतेक बग्ग्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, उतारावर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि गाडी उंच केली की आणखी हलकी. त्यामुळे घाटरस्त्याच्या रिसॉर्टला पुढच्या चाकांचे ब्रेक आधी आणि लिफ्ट किट नंतर.