फाशी रोगाचे जंतू आणि सोलापूरची माती

फाशी : बॅसिलस अँथ्रॅसिस या जंतूमुळे गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांना व त्यांच्यापासून माणसाला होणारा तीव्र संसर्गजन्य रोग. काळपुळी आणि अँथ्रॅक्स या नावांनीही तो ओळखला जातो. हा जंतू जनावराच्या अंगात जेमतेम काही दिवस असतो, मातीत मात्र बीजाणूच्या, म्हणजे टणक, सुप्त रूपात वर्षानुवर्षे पडून राहतो. म्हणून त्याच्यावरचे संशोधन जितके गोठ्यातले, तितकेच शिवारातले आहे.

सूक्ष्मजंतुशास्त्राची सुरुवातच एका अर्थी या रोगापासून झाली. मेलेल्या मेंढ्यांच्या रक्तातील काडीसारखे जंतू फ्रान्समध्ये दाव्हेन याने १८५० मध्येच पाहिले होते. पण रक्तात जंतू दिसत नसतानाही कुरणात रोग पुन्हा कसा उपटतो, हे कोडे रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८७६ मध्ये सोडवले. लाकडाच्या बारीक ढलप्यांनी उंदरांना जंतू टोचायचे आणि बैलाच्या डोळ्यातील पाण्यात ते वाढवायचे, अशा घरगुती साधनांनिशी त्याने काडी ते बीजाणू आणि बीजाणू ते काडी हे सारे चक्र डोळ्यांनी पाहिले. पुरलेल्या जनावराचे बीजाणू गांडुळे वर आणतात, असे पाश्चरने १८८० मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील पुयी-ल-फोर येथे त्याने मेंढ्यांवर लसीचा जाहीर प्रयोग केला आणि तो गाजला. भारतात जनावरांच्या रोगांवरील सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात निघाली. तीच पुढे हिमालयातील मुक्तेश्वरला गेली.

हे बीजाणू चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत जास्त टिकतात, असे जगभर आढळले आहे. भीमा-सीनेच्या खोऱ्यातील काळी जमीन नेमकी याच जातीची. मंगळवेढ्याकडे तर नांगरटीत चुन्याचे खडे वर येतात. म्हणून सोलापूर जिल्हा फाशीचे आगर आहे असे मुळीच नाही. भारतात हा रोग आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, ओडिशा, पश्चिम बंगाल या राज्यांत जास्त नोंदला गेला आहे. पण माती पोषक आणि कर्नाटकाची हद्द लगत, म्हणून इथे गाफील राहून चालत नाही. शिवाय सांगोल्याचा बाजार, कार्तिकीला पंढरपूरजवळच्या वाखरीत भरणारा जनावरांचा बाजार आणि खतासाठी रानोमाळ बसवल्या जाणाऱ्या मेंढ्या यांमुळे जनावरांची ये-जा सतत चालू असते. उन्हाळ्यात मेंढी गवताचा बुडखा मातीसकट ओरबाडते. लांबलेल्या कोरडीनंतर जोराचा पाऊस झाला की धोका वाढतो.

बीजाणू मातीत नुसते पडून राहतात की गवताच्या मुळांशी वाढतातही, हा वाद अजून मिटलेला नाही. प्रयोगशाळेत मुळांलगत वाढ दिसली आहे, उघड्या रानातला पुरावा मात्र तोकडा आहे. नामिबियातील एटोशा राष्ट्रीय उद्यानात, जनावर मेलेल्या जागी गवत जास्त हिरवेगार येते आणि चरणारे प्राणी तिकडेच ओढले जातात, असे संशोधकांना आढळले. टिकाऊपणाचा दाखला स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटाचा : १९४२ मध्ये तिथे युद्धातले अस्त्र म्हणून बीजाणूंची चाचणी झाली आणि बेट सुरक्षित ठरायला १९९० उजाडले.

धडधाकट जनावर एकाएकी मेले, नाका-तोंडातून व गुदद्वारातून काळपट न गोठणारे रक्त आले, अंग ताठले नाही, तर फाशीचा संशय घ्यायचा. अशा जनावराचे शवविच्छेदन करत नाहीत. बंद शरीरात कुजण्याच्या क्रियेत जंतू काही दिवसांत मरतात. हवा लागली की मात्र बीजाणू तयार होतात. पशुवैद्य कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतात. मेथिलीन ब्लू रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी टोकांच्या निळ्या काड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी कवच दिसते. चामड्याच्या किंवा मांसाच्या लोभाने जनावर सोलणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक, कारण माणसाला लागण बहुधा तिथेच होते. हातावर न दुखणारी पुळी येते आणि तिच्यावर काळी खपली धरते. वेळेत प्रतिजैविके मिळाली तर ती बरी होते. अर्धे कच्चे मांस खाल्ल्याने आतड्याचा आणि बीजाणू श्वासात गेल्याने फुप्फुसाचा रोग होतो. हे दोन्ही फार घातक.

जनावरांसाठीची आजची लस मॅक्स स्टर्न याने दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकात शोधलेल्या, कवच गमावलेल्या वाणाची आहे. राज्यात ती पुण्यातल्या औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत बनते. ती जिवंत लस असल्याने टोचण्याच्या सुमारास प्रतिजैविक दिल्यास वाया जाते. ती सरसकट न देता रोग होऊन गेलेल्या भागात दरवर्षी देतात. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार या रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे.

मेलेले जनावर जाळणे सर्वांत खात्रीचे, पण तेवढे सरपण दुष्काळी गावात आणायचे कुठून? म्हणून सहा फूट खोल पुरतात आणि वर चुना टाकतात. आता या चुन्यावरच शंका घेतली जात आहे. त्यातील कॅल्शियममुळे बीजाणू उलट जास्त टिकत असावेत, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. ज्या जमिनीत आधीच चुनखडी आहे, तिथे वरून चुना ओतण्यापेक्षा खड्ड्याभोवती काटेरी कुंपण घालणे आणि ती जागा चराईला कायमची बंद ठेवणे अधिक शहाणपणाचे.