बस ‘त्यांची’ कशी झाली: अमेरिकेतील वर्ग, वर्ण आणि सिटी बस

न्यूयॉर्कसारखे मोजके अपवाद सोडले, तर अमेरिकेतल्या शहरांत बसने जाणारा माणूस म्हणजे गाडी न परवडणारा माणूस, असे सर्रास धरले जाते. कोणी बोलून दाखवले नाही तरी त्या माणसाचा वर्णही मनात ठरलेला असतो. हा समज कसा रुजला ते पाहायचे, तर कोर्टाचे निकाल, घरकर्जाचे नियम आणि मतपेट्या एकत्र पाहाव्या लागतात.

भांडण बसपेक्षाही जुने आहे. १८५४मध्ये एलिझाबेथ जेनिंग्ज ही कृष्णवर्णीय शिक्षिका चर्चला निघाली असताना न्यूयॉर्कमध्ये तिला घोड्यांच्या ट्राममधून जबरदस्तीने उतरवण्यात आले. ती कोर्टात गेली आणि पुढच्या वर्षी जिंकली. तिचा तरुण वकील चेस्टर आर्थर पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. पण १८९६मध्ये रेल्वेच्या डब्यांतल्या विभागणीवरच्या प्लेसी खटल्यात सुप्रीम कोर्टानेच ‘वेगळे, पण समान’ (सोयी समान असतील, तर वर्णानुसार वेगळे ठेवायला हरकत नाही) हे तत्त्व मान्य केले आणि दक्षिणेतल्या शहरांनी ट्राममध्ये सीटा वाटून द्यायला सुरुवात केली. लोकांनी तेव्हाही बहिष्कार घातले. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत १९००मध्येच असा बहिष्कार झाला होता, हे फारसे कोणाला आठवत नाही.

त्याच माँटगोमेरीत १९५५मध्ये बसमधली व्यवस्था कशी होती ते नीट पाहण्यासारखे आहे. ३६ सीटांपैकी पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव. त्या रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीयांनी मागे उभेच राहायचे. मधल्या भागात त्यांना बसता येई, पण गोरा आणि काळा एका रांगेत बसता कामा नये, म्हणून एका गोऱ्या माणसासाठी चौघांची अख्खी रांग रिकामी करावी लागे. अनेकदा पुढच्या दाराने चढून १० सेंट भाडे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचे. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी पुढे काढली, तर पैसेही गेले आणि बसही गेली.

आणि या बसचे सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीयच होते! धंदा ज्यांच्या पैशावर चालत होता, त्यांनाच रिकाम्या सीटेशेजारी उभे केले जात होते.

२ मार्च १९५५ रोजी १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनने सीट सोडायला नकार दिला. १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांची रांग उठवली गेली, तेव्हा तिघे उठले, त्या बसून राहिल्या. जो अ‍ॅन रॉबिन्सन आणि त्यांच्या महिला राजकीय परिषदेने रातोरात बसवर बहिष्काराचे आवाहन करणारी हजारो पत्रके छापली. ५ डिसेंबरपासून ३८१ दिवस लोक पायी गेले किंवा एकमेकांच्या गाड्यांतून गेले. घरकाम करणाऱ्या बायका कामावर याव्यात म्हणून कित्येक गोऱ्या मालकिणीच त्यांना गाडीतून ने-आण करू लागल्या. तसे करू नका, असे महापौर गेल यांना जाहीरपणे सांगावे लागले. माझ्या मते या लढ्यात वर्ग आणि वर्ण यांची गाठ इथे सर्वात स्पष्ट दिसते. कामाला ती बाई हवी होती, शेजारच्या सीटवर मात्र नको होती.

५ जून १९५६ रोजी फेडरल न्यायालयाने माँटगोमेरीतली बसमधली विभागणी घटनाबाह्य ठरवली. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. त्याच जून महिन्याच्या २९ तारखेला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचे रस्ते, ९० टक्के खर्च केंद्राचा. या दोन तारखा मला नेहमी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. बसमध्ये कुठेही बसायचा हक्क मिळाला, त्याच सुमारास गोरा मध्यमवर्ग बस सोडून गाडीत बसायला निघाला होता.

त्याची वाट आधीच आखलेली होती. १९३४मध्ये सुरू झालेली सरकारी घरकर्ज हमी उपनगरांतल्या गोऱ्या कुटुंबांना सहज मिळे. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मात्र नकाशावर ‘धोकादायक’ ठरत. नवे महामार्गही मायामीचे ओव्हरटाउन, सेंट पॉलचे राँडो अशा त्यांच्याच मोहल्ल्यांना चिरत गेले. शहरात मागे राहिलेल्यांसाठी बस उरली. प्रवासी घटले, म्हणून फेऱ्या कमी झाल्या. फेऱ्या कमी झाल्या, म्हणून ज्याला जमले त्याने गाडी घेतली.

यानंतर उपनगरे बसलाच वेशीबाहेर ठेवू लागली. अटलांटात १९७१च्या मतदानात फुल्टन आणि डीकाल्ब या काउंटींनी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) ‘मार्टा’ या नव्या वाहतूक यंत्रणेसाठी कर मान्य केला, क्लेटन आणि ग्विनेटने नाकारला. कॉब तर १९६५मध्येच बाहेर राहिली होती. ‘मूव्हिंग आफ्रिकन्स रॅपिडली थ्रू अटलांटा’, म्हणजे ‘आफ्रिकनांना अटलांटातून वेगाने हलवणारी’, अशी ‘मार्टा’च्या आद्याक्षरांची फोड गोऱ्या वस्त्यांत चालायची.

याची किंमत काय असते, ते डिसेंबर १९९५मध्ये बफेलोजवळ दिसले. १७ वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी, एका मुलाची आई, मोठ्या मॉलमध्ये कामाला निघाली होती. शहराच्या तिच्या वस्तीतून येणाऱ्या बसला मॉलच्या आवारात येऊ देत नसत. ती हमरस्त्यावर उतरली आणि सात पदरी रस्ता ओलांडताना ट्रकखाली सापडून गेली. खटला उभा राहिला, १९९९मध्ये भरपाईवर मिटला. कायद्यात वर्णाचा शब्दही नव्हता. बसस्टॉप कुठे असावा, एवढाच निर्णय होता.

क्लेटन काउंटीने पुढे स्वतःची बससेवा सुरू केली, पण पैसे नाहीत म्हणून मार्च २०१०च्या अखेरीस ती बंद केली. कामावर जायला दुसरे साधनच नसलेले लोक अडकले. एव्हाना काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य झाले होते. नोव्हेंबर २०१४मध्ये तिथल्या मतदारांनी जादा कर स्वीकारून मोठ्या बहुमताने मार्टात जायचे ठरवले आणि पुढच्या मार्चमध्ये तिथे पुन्हा बस धावू लागली. ग्विनेटने मात्र २०१९मध्येही नकारच दिला.